मापवही

दुकानाच्या माळ्यावर जुन्या मापवह्यांचा गठ्ठा आहे. दर दिवाळीला घरचे म्हणतात रद्दीत घाल, आणि दर दिवाळीला मी तो झटकून परत वर ठेवते. त्यातली बरीच गिऱ्हाइकं आता त्या मापाची राहिलेली नाहीत, काही तर राहिलेलीच नाहीत. पण वहीत नुसते आकडे नाहीत. छाती, कंबर, उंची, मुंढा, दंडघेर लिहून झालं की बाईने जे बजावलं असेल ते मी शेजारी टिपून ठेवते. सुरुवातीच्या वह्यांत ‘सैल’, ‘हात वर गेला पाहिजे’, ‘दिवस आहेत, माया जास्त’ असलं काहीबाही सापडतं. पुढे ‘फिट’, ‘एकदम फिट’, ‘दंड झाकायचे’. अलीकडच्या वह्यांत एका बाईच्या दोन-दोन कंबरा लिहिलेल्या असतात. एक आजची आणि एक दोन महिन्यांनी होणार असलेली.

ती दुसरी कंबर कुठून आली, हे मी लोणावळ्याच्या भांगरवाडीतल्या माझ्या मशीनवर बसून पाहिलंय.

लग्नाआधी कटिंग-टेलरिंगचा कोर्स केला होता, लोणावळ्याला आल्यावर घराच्या ओट्यावर मशीन टाकलं. पहिली गिऱ्हाइकं आसपासच्या गावांतली. कार्ला, मळवली, कामशेतहून लोकलने यायच्या, बाजार करायच्या, ब्लाऊजपीस टाकून जायच्या. मावळातली बाई जूनपासून भातखाचरात वाकलेली. तिच्या ब्लाऊजची परीक्षा आरशापुढे होत नसे, लावणीत होत असे. वाकल्यावर पाठ उघडी पडता कामा नये, रोपाची मूठ खोचताना मुंढा टरकता कामा नये. दंड भरलेले असायचे, कामाने घडलेले. त्यांच्यात ‘अंगाने भरली’ हे कौतुक होतं आणि माहेरी आलेली मुलगी वाळलेली दिसली तर आईचा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून तो काळ फार चांगला होता, असं मी म्हणणार नाही. मुलगी बघायचा कार्यक्रम मीही दिलाय. चालून दाखव, केस सोड, सुईत दोरा ओवून दाखव. पाटावर बसलेल्या मुलीकडे चार परकी माणसं कशी बघतात ते मला ठाऊक आहे. काळी, बुटकी, नकटी हे निकाल तेव्हाही तोंडावर दिले जात. फरक एवढाच, की ती परीक्षा एका दुपारी संपायची. पोहे खाऊन परीक्षक घरी जायचे. टीव्हीतले परीक्षक जात नाहीत.

१९९४ साल माझ्या धंद्याला कलाटणी देऊन गेलं. मे महिन्यात सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय जगत्सुंदरी. केबल नुकतीच घरोघर आली होती. त्याआधी दोन वर्षं आपली नागपूरची मधू सप्रे विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली होती. देशाची नेता झालीस तर काय करशील, या प्रश्नावर या खेळाडू मुलीने खेळाचं मैदान उभारीन असं उत्तर दिलं आणि त्यानेच तिचा मुकुट गेला असं लोक अजून म्हणतात. मला ते उत्तर आजही झकास वाटतं. पण १९९४ नंतर पेपरातली कात्रणं घेऊन मुली दुकानात यायला लागल्या. ‘काकू, असा गाऊन.’

गाऊन मला शिकवला तो इथल्या नौदलाच्या आयएनएस शिवाजीतल्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी. त्यांच्याकडे पार्ट्या असत, परदेशी मासिकं असत. एकीने मासिकातलं पान पसरून ‘हे कसं उभं राहतं?’ विचारलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते उलगडलं. मला आणखी धीर आला तो सुश्मितानेच नंतर टीव्हीवर सांगितलेल्या गोष्टीने. ज्या गाऊनमध्ये ती मिस इंडिया जिंकली, त्याचं कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं होतं. तो शिवला होता एका साध्या गल्लीतल्या शिंप्याने आणि हातमोजे केले होते पायमोजे कापून. ही गोष्ट मी दुकानात आलेल्या कितीतरी मुलींना सांगितलीय. त्या शिंप्याने पोरीला बघून कापड कापलं. माझा धंदा तेवढाच आहे. अंग समोर उभं राहतं, कापड त्याच्यासाठी कापायचं.

ते उलटं व्हायला लागलं २००० नंतर. त्या एका वर्षी लारा दत्ता, प्रियांका चोप्रा, दिया मिर्झा तिघी जिंकल्या आणि सौंदर्यस्पर्धा ही गावोगावची गोष्ट झाली. मग मॉडेल निवडण्याचे कार्यक्रम आले. अमेरिकेतला टायरा बँक्सचा कार्यक्रम २००३ पासून चालला होता, त्याची हिंदुस्थानी आवृत्ती २०१५ साली एमटीव्हीवर आली. माझ्या मुलीच्या मैत्रिणी घरी बसून तो बघायच्या, मी काजं करता करता ऐकायची. स्पर्धेचा शेवट एका संध्याकाळी लागतो, या कार्यक्रमांत मात्र आठवडेच्या आठवडे एकेका मुलीचे दंड, मांड्या, दात यांची चर्चा. त्या अमेरिकेतल्या कार्यक्रमात एका मुलीला दोन दातांमधली फट बुजवायला लावली होती. पुढे २०२० मध्ये ते जुने तुकडे पुन्हा फिरले तेव्हा टायरा बँक्सने आपल्याकडून असंवेदनशीलपणा झाल्याचं कबूल केलं. तोवर जगभरच्या मुली आरशात दात बघून मोकळ्या झाल्या होत्या.

पडद्यामागचं मला अपघाताने दिसलं. लोणावळ्यात शूटिंग नवीन नाही, ‘बिग बॉस’चं घर कितीतरी वर्षं इथेच होतं. २०१८ चं मराठीतलं पहिलं पर्वही इथेच झालं. बंगल्यांवर कपड्यांची, दागिन्यांची फोटोशूट चालतात. एकदा तिथली शिवणारी आजारी पडली म्हणून मला बोलावलं. मॉडेल समोरून बघावी तर अंगावर ओतल्यासारखा ड्रेस. मी पाठीमागे गेले आणि हसूच आलं. मानेपासून कमरेपर्यंत सात-आठ काळे चिमटे! कागद धरायला कचेरीत वापरतात तसले. ड्रेस तिला मोठा होता, मागून सगळा आवळून धरला होता. तिला बसता येत नव्हतं, जेवण उभ्यानेच. आणि तो फोटो घेऊन दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे गिऱ्हाईक येणार, ‘असं बसलं पाहिजे.’ त्या मॉडेललाही ते तसं बसत नव्हतं, हे मी कुणाकुणाला सांगू?

आता एका रिसॉर्टवरच्या स्पर्धेची गोष्ट. विवाहित बायकांची होती, बाहेरच्या आयोजकांनी भरवलेली. प्रवेश फी भरून आलेल्या बायका कोण? बँकेत काम करणारी, शाळेत शिकवणारी, एक हॉटेलवाल्याची सून. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा संध्याकाळी फोन आला, ‘ताई, हातमशीन घेऊन या, रडू येतंय.’

गेले तर एका खोलीत भाड्याने आणलेले गाऊन दांडीवर टांगलेले. रंग निरनिराळे, माप सगळ्यांचं जवळपास एक. फायनल दुसऱ्या दिवशी. निम्म्या बायकांच्या पाठीची चेन मध्यावर येऊन अडत होती. बाहेर हॉलमध्ये शिकवणी चालू होती. चालणं शिकवणारी एकेकीला पुढून चालवत होती, आणि माझ्या देखत तिने एकीला सगळ्यांसमोर सांगितलं, ‘मॅडम, आधी तुमचं पोट स्टेजवर येतंय, मग तुम्ही.’ सगळ्या हसल्या. ती बाईही हसली. सिझेरियनची दोन मुलं झालेली, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई. खोलीत आल्यावर मात्र म्हणाली, ‘ताई, माझा उसवू नका. मी उद्यापर्यंत काही खातच नाही.’

एका रात्रीत उपाशी राहून चेन लागत नाही. कापड मात्र एका रात्रीत वाढवता येतं, शिकलेल्या हाताला ते काही अवघड नाही. मी चेन पूर्ण काढली. दोन्ही कडांना कापडाचे बारीक लूप लावले, मधे अस्तराची रुंद पट्टी टाकली, वरून डोरी ओवली. जाडीला डोरी सैल, बारकीला घट्ट. गाऊन चढवल्यावर बाईने पहिल्यांदा खोल श्वास घेतला, मग वळून आरशात पाठ बघितली. डोरीचीच फॅशन असावी असं दिसत होतं. त्यानंतर दाराशी रांगच लागली. पहाटेपर्यंत मी आणि एक आचारीबाई. ती बिचारी चहा देत होती, लूप उलटवून देत होती. सकाळी गाऊनवाला आला आणि चेनी काढलेल्या बघून थयथयाट करायला लागला. बायकांनी वर्गणी काढून त्याचं तोंड बंद केलं. पोटावरून बोलणं खाल्लेल्या बाईला कुठलंही बक्षीस मिळालं नाही, पण डोरीच्या गाऊनमध्ये ती झोकात चालली. नंतर तिने माझ्याकडून पाच वर्षं कपडे शिवून घेतले आणि प्रत्येक मापाला ते पोटाचं वाक्य मला ऐकवलं, हसत हसत. त्या संध्याकाळचं बाकी काही तिला आठवत नसे.

या बायकांना मी नावं ठेवत नाही. नटावं, चारचौघांत चालावं, टाळ्या घ्याव्यात, असं वाटण्यात वाईट काय आहे? २००४ पासून टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’मध्ये बायका पैठणीसाठी खेळल्याच की. तिथे कुणाची कंबर मोजत नव्हते. जाड सासू, हडकुळी सून दोघी फुगे फोडायच्या आणि पैठणी दोघींपैकी कुणालाही नेसता यायची. पैठणीला माप नसतं, हे शिंपिणीला कळायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट पवन मावळातल्या एका मुलीची, ती लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला. बारावीला होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात व्यक्तिमत्त्व स्पर्धा होती, त्यासाठी ड्रेस. आई गणपतीच्या आधी कापड टाकून गेली. पहिल्या ट्रायलला मुलगी म्हणाली, काकू, थोडा आत घ्या. घेतला. नवरात्रात पुन्हा आली, पुन्हा आत घ्यायला. आई खुशीत, ‘बारीक झालीय, छान दिसते ना?’ आईला वाटलं, नवरात्राचे उपास करतेय. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आली तेव्हा मी टेप धरला आणि बोटांना कळलं. टेपच्या खाली मांस नव्हतं. हात थंडगार, केस विरळ झालेले. ट्रायलच्या पडद्याआड गेली ती तिथेच खाली बसली.

मी आईला बाहेर चहा आणायला पाठवलं आणि मुलीला विचारलं, पाळी येते का? तिने मान हलवली. चार महिने आली नव्हती. भात बंद, भाकरी बंद. ज्या तालुक्यातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी तांदूळ निघाला, ज्या वासासाठी पुण्याची माणसं गाड्या थांबवून पोती नेतात, त्या मावळातली शेतकऱ्याची पोर भाताच्या वासाने खोलीबाहेर जात होती. मोबाइलवर कुठल्याशा मॉडेलचं दिवसभराचं खाणं पाठ केलं होतं तिने.

गावठी डॉक्टरने आधी टॉनिक दिलं. पुढे पुण्याला न्यावं लागलं, पोटाच्या डॉक्टरकडून मनाच्या डॉक्टरकडे. लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न कसं होईल, या भीतीने आईने निम्म्या भावकीला कावीळ सांगितली. स्पर्धेचा ड्रेस माझ्याकडेच राहिला. मुलगी सावरली, पण एका रात्रीत नाही, वर्ष-दीड वर्ष गेलं. आता ती माझ्याकडूनच कपडे शिवून घेते. माप घेऊ देते, आकडा मोठ्याने वाचू देत नाही. त्यामुळे दुकानाची पद्धतच मी बदलली. पूर्वी मी टेप लावून आकडा ओरडायची आणि हाताखालची पोरगी वहीत उतरवायची, ‘कंबर छत्तीस!’ हे बाकावर बसलेल्या चार जणींना ऐकू जायचं. आता माप मीच घेते, मीच लिहिते आणि पान मिटते.

त्या दिवसांत माझ्या गिऱ्हाइकांतल्या एका प्राध्यापिकेने मला फिजी बेटांवरची हकिगत सांगितली. तिथेही भरलेलं अंग म्हणजे घरचं सुख, असंच मानत. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. अॅन बेकर नावाच्या हार्वर्डच्या संशोधक बाईंनी टीव्ही आल्याबरोबर आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. ऐकून मला मावळच दिसला. आपल्याकडे तर बारीक असणं नवं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचातल्या एकीचं वजन गरजेपेक्षा कमी निघालं आणि निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. ज्या घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तिथल्या मुलीला आणखी कमी खायला शिकवायचं, हा कसला न्याय?

जिंकलेलीही सुटत नाही. २०२१ ची विश्वसुंदरी हरनाज संधू वर्षभरात अंगाने सुटली तर लोकांनी तिला धारेवर धरलं. तिला सीलिअॅकचा आजार आहे, गहू चालत नाही, हे तिला जगाला सांगत बसावं लागलं. मुकुट डोक्यावर असतानाची ही गत.

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेले की मी शेजारच्या चैत्याच्या दारात हमखास थांबते. दोन हजार वर्षांपूर्वीची जोडपी तिथे कोरलीत. बायका रुंद कमरेच्या, भरल्या मांड्यांच्या, कमरेवर मेखला, आणि उभं राहणं असं की कुणाचं देणं लागत नाहीत. एकदा माझ्याबरोबर आलेल्या दोन कॉलेजच्या मुली फोटो काढताना एकमेकींना म्हणाल्या, ‘हिची कंबर बघ केवढी!’ आणि लगेच पोट आत ओढून त्या मूर्तीशेजारी उभ्या राहिल्या.

तयार कपड्यांनीही हातभार लावला, ते बोललं पाहिजे. मॉलमधला ‘मीडियम’ हा बहुतेक परदेशी तक्त्यांवरून आलेला. आपल्या बायकांची मापं कुणी नीट घेतलीच नव्हती. फॅशन शिकवणाऱ्या ‘निफ्ट’ या संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं घ्यायचा प्रकल्प जाहीर केला तो २०१८ च्या सुमारास. तोवर ‘मीडियम’ चढला नाही की बाई स्वतःलाच नावं ठेवायची, कपड्याला नाही. शिवाय त्यात आत माया नसते. एक सूतही सोडता येत नाही. मी ब्लाऊजला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडते. बाई बाळंत होते, आजारी पडते, पन्नाशी गाठते, तरी ब्लाऊज तिच्याबरोबर राहतो.

थोडं बदलतंयही. माद्रिदच्या फॅशन शोने २००६ मध्ये फार कृश मॉडेल्सना बाहेर ठेवलं, फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला सक्तीचा केला. २०२३ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत नेपाळची जेन दीपिका गॅरेट भरल्या अंगाने चालली आणि पहिल्या विसांत आली. तिचा फोटो मी दुकानात लावलाय, शिलाईच्या दरपत्रकाशेजारी. पण हे सगळं वर वर घडतं. खाली, तालुक्यातल्या मंडळांच्या, कॉलेजांच्या, रिसॉर्टांवरच्या स्पर्धांत, त्या पोटावरून बोलणाऱ्या बाईचीच शिकवणी चालू आहे आणि तिला फी मिळते.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. बंद झाल्या तर माझाही धंदा कमी होईल, हे उघड आहे. माझं मागणं आयोजकांकडे आहे आणि ते साधं आहे. गाऊन एका मापाचे भाड्याने आणू नका. पंधरा दिवस आधी स्पर्धकांना गावातल्या शिवणाऱ्या बाईकडे पाठवा. अर्जावर छाती-कंबर-नितंब हा रकाना असेल तर खोडा, माप शिवणारीला लागतं, परीक्षकाला नाही. चालणं शिकवायला आणाल तिला आधी बजावा, की कुणाच्या अंगावर शेरा मारायचा नाही. आणि स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांना दुपारी भात-आमटीचं जेवण द्या. मापाची जबाबदारी आमची. लोणावळ्यात, वडगावात, तळेगावात शिवणाऱ्या बायका भरपूर आहेत.